नामीबायने न गायलेलं लग्न

नामीबायच्या अंगात आलं होतं, असं आता आमच्या गावात सांगतात. त्या दिवशी जन्माला न आलेली पोरं सांगतील ते मी समजू शकतो. पण जी माणसं त्या मांडवात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून सरबत पीत होती, तीही माझ्या तोंडावर तेच सांगतात. मी म्हणतो, खोटं. ते म्हणतात, तात्या, तुमचं वय झालं. वय झालं म्हणजे कान गेले काय? अंगात आलेली बाई घुमते, केस सोडते, लिंबू मागते. ही बाई पदराला हात पुसत आली, जे बोलायचं ते सरळ बोलली आणि आपल्या चपला शोधून पायात घालून घरी गेली.

ती वारली त्याला आता वर्ष होत आलं. मला हल्ली एका जागी बसवत नाही. सकाळी ओट्यावर बसतो, उठतो, नाक्यापर्यंत जातो, परत येतो. म्हटलं लिहून टाकू. चौथीपर्यंतची शाळा आणि पुढं सगळा जन्म मिठागरात. पण गावकीचा कागद इतकी वर्षं मीच लिहीत आलो, तेव्हा मला लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये.

गावाचं नाव लिहीत नाही. पनवेलहून रिक्षा करा, विचुंबं मागं टाका, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

नामीबाय आमची धवलारीण. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, मंगलाष्टकं म्हणतो, पण लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. ती धवले गाते. हळद लावण्यापासून नवरी बाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं, आणि त्यात नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, दोघांच्या आईबापांची, मामांची नावं गुंफायची. ती नावं धवल्यात आली म्हणजे देवाला कळलं, असं आम्ही मानतो. नामीबायला अक्षर येत नव्हतं. गावातल्या तीन पिढ्यांची नावं मात्र तिला पाठ. रस्त्यात कुणी जरा छाती काढून चालला की ती हाक मारायची, "ए बारक्या, तुझ्या बापाचं लगीन मी लावलंय. हळदीला रडत व्हता, आयेला सोरीत नव्हता." तो माणूस पुढं कितीही मोठा होवो, गाडीची काच वर करून निघून जायचा.

उंचीला बारकी. काळी, काटक. सकाळी दारात बसून मिश्री लावायची आणि जाणाऱ्या येणाऱ्याला तोंडात बोट ठेवूनच बोलायची, त्यामुळे निम्मं कळायचं नाही आणि दुसऱ्यांदा विचारलं की शिव्या. नवरा तरुणपणी गेला. मूल नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून मी गावचा पंच झालो, माझे केस पिकले, तरी तिच्यासाठी मी पांडूच.

बोलावण्याची तिची रीत होती. घरच्या कर्त्या माणसाने स्वतः यायचं, नारळ आणि मूठभर तांदूळ तिच्या उंबऱ्यावर ठेवायचे. तिने ते उचलले म्हणजे ती येणार. एकदा आमच्यातल्या एकाने दुबईहून फोन केला, मुलाच्या लग्नाला या म्हणून. ती म्हणाली, "मोबाईलातून नारल येतो काय रं? येत असल तर टाक, मी झेलते." त्याचा भाऊ धावत गेला नारळ घेऊन.

दुसरी रीत तिची एकटीची. हळदीआधी ती नवरीला मागच्या खोलीत न्यायची, दार लावायची आणि विचारायची, तुझ्या मनात आहे ना? बायका हसायच्या. म्हणायच्या, आता काय विचारतेस, जेवणावळी झाल्या. एका वर्षी एका पोरीने आतून नाही म्हटलं. नामीबाय बाहेर आली, पाटावर बसली आणि गप्प. ढोल थांबला. पोरीचा बाप अंगावर धावून आला, "गा ना गं! तुला गायला आनलीय!" तर ती म्हणाली, "मी देवाला खोटं सांगू? तूच सांग, माईक घे." ते लग्न त्या दिवशी झालं नाही. पुढच्या वर्षी त्याच पोरीचं दुसऱ्या ठिकाणी जमलं, आणि तोच बाप नारळ घेऊन तिच्या दारात. तिने नारळ उचलला, वर त्याला चहा पाजला. मनात ठेवून वागायची तिची पद्धत नव्हती. म्हणूनच पुढं जे झालं त्याला मी सूड म्हणू देत नाही.

घराची मागची खोली तिने एका मुलीला राहायला दिली होती. परभणीकडची मुलगी, उलव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात लोकांना फ्लॅट दाखवायचं काम करायची. त्या मुलीचं नाव लिहायचं नसतं असं वकील म्हणाले, आणि तसंही मी लिहिलं नसतं. नामीबाय तिला परभणीच म्हणायची. "ए परभनी, पानी आलं, हांडं लाव!" मुलगीही ओ द्यायची.

आता मला आधी फरशीवाल्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या गावात नवी बिल्डिंग झाली तेव्हा फरशी बसवायला एक बाहेरचा माणूस आला होता. इथंच भाड्याने राहायचा. त्याने जिन्यात आमच्या गावच्या एका बाईला धरलं. ती ओरडली, माणसं धावली. त्याला खांबाला बांधलं, पोलीस येईपर्यंत जो तो हात साफ करून घेत होता. मग मोर्चा. मेणबत्त्या, फलक, पनवेलच्या रस्त्यावर गाड्या अडवल्या. नामीबाय सगळ्यात पुढं. तिचा आवाज धवल्यांनी कमावलेला, माईक लागत नव्हता. फरशीवाल्याला वकील मिळेना, जामीन राहायला माणूस मिळेना. तो आत राहिला तो राहिलाच. प्रत्येक तारखेला आमच्या दोन जीपा भरून माणसं कोर्टाबाहेर उभी. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या कलमाला त्याहून जास्त देताच येत नाहीत म्हणाले. आम्ही देवळात पेढे वाटले. मी खाल्ला, नामीबायने खाल्ला. तो दोषी होता, त्यात माझं आजही दुमत नाही, आणि तिचंही कधी नव्हतं.

त्याच वर्षी प्रीतमचं झालं.

प्रीतम म्हणजे आमच्या बळीरामशेठचा मुलगा. बळीराम माझ्याबरोबर मिठागरात पाट्या टाकायचा. पुढं त्याच्या जमिनी रस्त्यात आणि विमानतळाच्या आसपास गेल्या, तो बिल्डर झाला, शेठ झाला. माणूस वाईट नाही. गावाला रुग्णवाहिका त्याने दिली, देवळाचा मंडप त्याने बांधला, कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली गाडी त्याची. उलव्याची ती साईट त्याचीच. प्रीतमने एका दुपारी ऑफिसचं शटर खाली ओढून परभणीला धरलं. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने आरडाओरडा ऐकून शटर वर केलं, म्हणून तेवढ्यावर थांबलं. मुलगी तशीच पोलिसात गेली.

या वेळी मोर्चा निघाला नाही. मेणबत्ती पेटली नाही. नाक्यावर आम्ही काय बोललो ते लिहून टाकतो, कारण बोलणाऱ्यांत मी होतो. पोरगं आहे, चुकलं. ती ऑफिसात एकटी काय करत होती? कामावरून किती वाजता येते ते बघा. परभणीहून इथं यायचं कारण काय? फरशीवाल्याच्या वेळी ती बाई जिन्यात एकटी काय करत होती, असं आमच्यातल्या एकानेही विचारलं नव्हतं. प्रीतम दोन दिवसांत जामिनावर घरी आला आणि केस तारखांवर तारखा घेत चालू राहिली. वर्षं गेली. मुलगी प्रत्येक तारखेला जायची, बरोबर नामीबाय. ऑफिस सुटलं, दुसरीकडे काम धरलं, तारीख चुकवली नाही.

मग एक दिवस बळीरामने मला बंगल्यावर बोलावलं. त्याचा वकील बसला होता, मुंबईचा, बोलायला गोड. मला म्हणाला, "तात्या, साक्षी चांगल्या गेल्या नाहीत. हार्डवेअरवाला फिरला नाही. पोरगा दोषी ठरेल असं धरून चाला. पण शिक्षेला एक वर्षापासून पाच वर्षांपर्यंत जागा आहे. त्या जागेत काय बसवायचं ते आपण बघायचं."

मी विचारलं, "म्हणजे काय करायचं?"

"निकालाआधी लग्न उरका. नवीन संसार आहे, बायको अवलंबून आहे, असं साहेबांना सांगता येतं. पत्रिका जोडू, फोटो जोडू. आणि गावकीचा एक कागद द्या, मुलगा चांगला आहे म्हणून."

बळीराम म्हणाला, "पांडूतात्या, गावाचा कागद तूच लिवतोस. तुला सांगायला लागतंय काय?"

नाही लागलं. मी लिहिला. 'आम्ही सर्व ग्रामस्थ' अशी सुरुवात. पहिली सही माझी, पूर्ण नावाने. मला सही येते याचा मला पहिल्यापासून अभिमान. आमच्या वेळचे बहुतेक अंगठेवाले. मग एका घरची एक सही, असं गाव फिरलो. कुणी वाचलं नाही. रेशनकार्डाच्या अर्जावर करतात तशा सह्या केल्या. उरणकडची मुलगी बघून लग्नही ठरलं. तिकडच्यांना सांगितलं, खोटी केस आहे, संपत आलीय.

नामीबायकडे मला दोन्ही कामांसाठी जायचं होतं. बळीराम स्वतः आला नाही, त्याने नारळ माझ्या हाती दिला. मी तिच्या ओट्यावर पिशवी ठेवली. तिने आत डोकावून पाहिलं.

"पांडू, नारल नि कागुद एकाच पिशवीत आनलास?"

"एका घरचंच काम आहे."

"वाच."

मी वाचला, आणि लग्न निकालाआधी का उरकायचं तेही सांगितलं. ती मिश्रीचं बोट तोंडात तसंच ठेवून ऐकत होती. मग चूळ भरली.

"सर्व ग्रामस्थ म्हंजे कोन कोन?"

"म्हणजे सगळे."

"परभनी?"

"ती भाडोत्री आहे नामी. गावची थोडीच."

"फरशीवाला पन भाडोत्रीच व्हता. त्याला मारला तवा आपुन काय बोल्लो? गावात रहातोस तर गावासारका वाग. मंग ही गावात रहातेय तर गावाची नाय?"

मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. ती म्हणाली, "कलम सांग."

"कलम मला काय ठाऊक?"

"तू पंच ना? मना ठाव हाय. त्याचा तीनशे चौपन. ह्याचा पन तीनशे चौपन. दर तारखेला पुकारा व्हतो, मी ऐकते." नावं पाठ करणारी बाई, तिला आकडा काय जड? "त्याला वरचा टोक दिला तवा तू पेढा खाल्लास. याला खालचा टोक मिलावा म्हनून सही मागतोस."

मला राग आला. मी म्हटलं, "पोरगं आपलं आहे. त्याच्या बापाचं लग्न तू लावलंस. आणि विचार कर, तू नाही म्हणालीस तर पुढं तुला कोण बोलावील? शेठला दुखवून कोण तुझ्या दारी नारळ आणील?"

हे मी धमकी म्हणून बोललो नव्हतो. की बोललो होतो? आता सांगता येत नाही. तिला दुसरं काय होतं? खोलीचं भाडं आणि धवले. त्यातही भाड्यावर पोट भरायचं, धवल्यांवर ती जगायची. लग्नसराई आली की ती तरुण दिसायची, सगळे सांगतात.

"नाय बोलवनार," ती म्हणाली. "तेच्यात मना काय तुजी साक्ष नको. ने तुजा नारल."

मी नारळ नेला नाही. उंबऱ्यावर तसाच ठेवून आलो. वाटलं, रात्रभर डोळ्यासमोर राहिला तर उचलील. दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओट्यावर होता.

बळीराम हसला. म्हणाला, "तिचा आवाज आपल्याकडं हाय की." गावातल्या मनोज आणि करुणाच्या लग्नाची शूटिंग त्याच्याकडे होती, मनोज त्याच्याच साईटवर सुपरवायझर. त्या शूटिंगमधले धवले काढून पेनड्राईव्हवर भरले. डीजेवाल्याला सांगितलं, विधी सुरू झाला की लाव. कुणाला एवढं सुचलं नाही. मलाही सुचलं नाही, आणि मी धवले ऐकत म्हातारा झालोय.

सकाळचं लग्न. मांडव असा की आमचं अख्खं गाव बसून जागा उरली. मोठमोठी माणसं, गाड्या, फोटो काढणारे चार. नवरा नवरी पाटावर बसली, भटजीने खूण केली आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीएवढ्या स्पीकरातून नामीबायचा आवाज आला. बायकांनी माना वर केल्या. आलीच शेवटी, असं कुणीतरी म्हणालं. मलाही क्षणभर बरं वाटलं. मग गाण्यात नावं आली.

पाटावर बसला मनोज. त्याच्या उजव्या हाताला करुणा.

मनोज माझ्या पुढच्याच रांगेत, धाकटं पोर मांडीवर घेऊन बसला होता. सगळा मांडव वळून त्याच्याकडे बघायला लागला. करुणा बायकांतून ओरडली, "आगं बाय! माजं परत लगीन लावताव काय? एकदाच झालं ते पुरं झालं!" हशा पिकला. डीजेवाल्याला बटण सापडेना. नामीबाय आपली गातेच आहे, मनोजच्या मामाचं नाव, करुणाच्या आईचं नाव. उरणकडच्या पाहुण्यांतली एक म्हातारी उठून उभी राहिली. "आमच्या पोरीला बसवलीय नि लगीन कोनाचं लावताय? हा काय प्रकार हाय?" हसू एकदम थांबलं. आमच्यात ही गोष्ट हसण्यासारखी नाही. नाव चुकलं म्हणजे लग्न चुकलं.

तेवढ्यात ती आली. आवाज तिच्या घरापर्यंत गेला होता. भांडी घासत असावी, हात ओले. मांडवाच्या तोंडाशी चपला काढल्या, सरळ डीजेवाल्याकडे गेली. "बंद कर. माजा हाय तो." त्याने वायरच उपटली.

बळीराम पुढं आला. सगळ्यांदेखत हात जोडले. शेठने हात जोडलेले आमच्या गावाने कधी पाहिले नव्हते. "नामीबाय, झालं ते झालं. आता आलीच हायेस तर गा. दोन वली गा. पोरीचं तोंड बघ."

मग बायका बोलायला लागल्या. गा गं नामी. गा, अपशकुन नको. माझ्यासारखे चारसहा म्हातारे म्हणाले, गा. तिला तेव्हा सगळं परत मिळत होतं. दोन ओळी, आणि ती पुन्हा गावची धवलारीण. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचे ओठ हलले. मला वाटलं, सुरुवात करतेय.

ती नवरीसमोर खाली बसली. नवरीच्या गुडघ्यावर ओला हात ठेवला.

"पोरी, तुज्यावर माजा राग नाय. पन हा मांडव ते कोर्टात नेनार हायेत. नवा संसार हाय, शिक्षा कमी करा, असं साहेबाला सांगायला. तुना सांगितलाय काय कुनी? नाय ना? म्हनून मी गात नाय."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. उठली, एक चप्पल कुणाच्या तरी पायाने खुर्चीखाली गेली होती ती वाकून काढली, आणि गेली. नवरीने बापाकडे पाहिलं. बापाने बळीरामकडे पाहिलं. बळीराम भटजीला म्हणाला, "चालू करा." मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. जेवायला बसलो तेव्हाच कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, म्हातारीच्या अंगात आलं होतं. सगळ्यांना ते लगेच पटलं. नवरीच्या बापाला तर सगळ्यात आधी.

महिनाभरात निकाल. प्रीतम दोषी ठरला. मग शिक्षा किती यावर वकील बोलायला उभे राहिले. आम्ही गाववाले बाकांवर, दाटीने. नामीबाय आणि ती मुलगी मागे भिंतीला टेकून. वकील एकेक कागद पुढं ठेवत गेला. तरुण आहे, पहिलाच गुन्हा. आई आजारी. घराण्याचं समाजकार्य, रुग्णवाहिकेचा फोटो. नुकतंच लग्न झालंय, ही पत्रिका. आणि हे, सर्व ग्रामस्थांचं निवेदन. माझी सही साहेबांच्या हातात गेली. माझी छाती तेव्हा फुगली होती, हेही लिहितो.

मागून आवाज आला, "साहेब, त्या कागदावर माजा अंगठा नाय. बघा."

शिपाई धावला. "आजी, बसा, बसा." ती म्हणाली, "बसायला जागा हाय कुठं? सगली यांनी धरलीय." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. सरकारी वकील म्हणाले, गावातल्या आहेत, वयस्कर आहेत. साहेब पुन्हा खाली बघून लिहायला लागले.

एक वर्ष. आणि वर अपील करायचं म्हणून त्याच जागी जामीन. प्रीतम आमच्याबरोबरच जिना उतरला. फरशीवाला तेव्हा आतच होता.

कोर्टावर मी बोट ठेवत नाही. साहेबांनी मनाने काही केलं नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यातून त्यांनी दिलं. आणि त्यांच्यापुढे ठेवलं ते आम्ही. फरशीवाल्याच्या वेळी मोर्चा ठेवला, प्रीतमच्या वेळी निवेदन ठेवलं. मला याने झोप लागत नाही असं मी म्हणणार नाही, झोप मला तशीही येत नाही.

जिन्याखाली नामीबायने मुलीला विचारलं, "पानी पितेस?" मुलगी म्हणाली, "आजी, चला ना पटकन. मला कामावर जायचंय." एवढंच मी ऐकलं.

पुढं नामीबायला कुणी बोलावलं नाही. आम्ही तसा ठराव केला नाही. ठराव केला की कायद्यात अडकतो, एवढं पंचाला कळतं. नुसता नारळ कुणी नेला नाही. लग्नसराई आली, दुसऱ्या गावची एक धवलारीण माईकवर गाऊ लागली. नामीबाय सकाळी दारात मिश्री लावत बसायची, लांबून ढोल ऐकायची. दुसरीने नाव चुकीच्या जागी घातलं की तिथूनच म्हणायची, "हॅट! मामा आदी!"

नंतर एका दुपारी ती माझ्या दारी आली. हातात कागद, त्या मुलीने लिहिलेला. शिक्षा कमी झाली, सरकारने वरच्या कोर्टात जावं, असा अर्ज. खाली एकच अंगठा, तिचा.

मी म्हटलं, "माझ्याकडं कशाला आलीस?"

"त्या कागदावर तुजी सही पयली व्हती. म्हनून तुज्याकडं पयली आले."

"मी एकदा केलेली सही पुसत नाही, नामी."

"पुसू नको. हितं दुसरी कर."

मी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. मुलीचं अक्षर चांगलं होतं. खिशाला पेन होतं. नामीबाय उन्हात उभी होती, मी बस म्हटलं नाही. मला काय वाटत होतं? की ही माझ्यासमोर उभी राहून मला चुकीचं ठरवतेय, आणि वर बरोबरही आहे. मी कागद परत दिला. म्हटलं, "मला नाही जमायचं."

तिने तो घेतला. वाद घातला नाही. नेहमी घालायची.

ती पायरी उतरली तेवढ्यात माझ्या मागून सून बाहेर आली. पीठ मळत होती, कोपरापर्यंत पीठ. घरात ती माझ्यासमोर मोठ्याने बोलत नाही. "आजी, थांबा," म्हणाली. हात पदराला पुसले, माझ्याकडे न बघता माझ्या खिशाचं पेन काढलं, कागद भिंतीला लावला.

नामीबाय म्हणाली, "पूरा नाव लिव. सासऱ्याच्या घरचा म्हनून नको. तुजा."

सुनेने लिहिलं. कागदाला पीठ लागलं. नामीबायने फुंकर मारून ते उडवलं, घडी न घालता कागद तसाच उघडा हातात धरला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. आतून कुणी आलं नाही. तिने पुन्हा वाजवली. सून पेन परत द्यायला विसरली होती. ती उंबऱ्यातच उभी राहून त्या दाराकडे बघत होती, आणि मी तिच्या मागे, आत.